गणपतीला येताना फिटच्या गोळ्या विसरू नका

मा. संपादक,
स. न.

महोदय,

गणेशोत्सव तोंडावर आला की आपल्या दैनिकात कोकण रेल्वेच्या जादा गाड्या आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे रोज वाचायला मिळतात. त्या गाड्यांतून येणाऱ्या एका जिनसाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी चिपळुणात औषधांचं दुकान चालवतो. गणपतीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी मोबाइलवर रिकाम्या पट्टीचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ह्या द्या हो, घरीच राहिल्या." थायरॉइडची गोळी एखाद-दोन दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण फोटोत लेव्हेटिरासिटाम, कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅल्प्रोएट अशा फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या, गोळीचं नाव दिसलं की मी आधी विचारतो, शेवटची गोळी कधी घेतली? "परवा रात्री" हे उत्तर अगदी सहज येतं. लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही, हीच अडचण आहे.

फिटची गोळी आजार मुळापासून उपटून टाकत नाही. ती रक्तात ठरावीक प्रमाणात असते तोवर मेंदूतला विजेचा गोंधळ आवरून धरते. प्रमाण घसरलं की फिट परत येऊ शकते, आणि गोळी एकदम थांबली तर एकामागून एक, मध्ये शुद्धीवर न येता. त्यात जीवही जातो. उलट बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि वेळेवर निदान होऊन नीट औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. औषध आहे आणि त्याचा उपयोगही होतो, फक्त ते रोज पोटात जायला हवं.

गणपतीत नेमकं तेच जमत नाही. रात्रभर आरत्या, भजनं, जाखडी; झोपेचं खोबरं झालेलं. अपुरी झोप ही फिट यायला पुरेशी सबब असते. घाटात गाडी लागून उलटी होते आणि गोळी बाहेर पडते. हरितालिकेच्या निर्जळी उपवासात गोळीही बंद. (घोटभर पाण्याने उपास मोडतो असं म्हणणाऱ्या वहिनींना मी नेहमी सांगतो, पार्वतीची काही हरकत नसावी.) शिवाय गावी आल्यावर पुरुषमंडळींचं 'बसणं' होतं, ते वेगळंच. म्हणून माझं म्हणणं एवढंच: मुक्कामाला लागतील त्याहून आठवडाभराच्या गोळ्या जास्त आणा. थोड्या पिशवीत, थोड्या खिशात अशा दोन जागी ठेवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. २०२१ च्या जुलैत आमची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा दुकानांतला माल वाहून गेला, भिजून गेला. पावसाळ्यात कोकणात औषध मिळेलच असं गृहीत धरू नये. एखादी वेळ चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. आणि विसर्जनाला अशा माणसाने नदीत, समुद्रात एकट्याने उतरू नये. काठावर उभं राहूनही बाप्पाला निरोप देता येतो.

आता कंपनीचा प्रश्न. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी आमच्याकडे नसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्या, स्वस्त असेल तर बरंच." जेनेरिक औषधांना माझा विरोध नाही. जन औषधी केंद्रातल्या गोळ्या नियमित घेऊन वर्षानुवर्षं बरे असलेले लोक मी पाहतो. पण फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधं हळवी आहेत. पुरेसा डोस आणि जास्तीचा डोस यांत त्यांच्याबाबतीत अंतर थोडं असतं. दर महिन्याला वेगळी कंपनी घेण्यापेक्षा स्वस्त घ्या नाहीतर महाग, एकच धरून राहा. चिठ्ठीवर एक कंपनी असताना लिहिणाऱ्या डॉक्टरांना न विचारता दुकानदाराने दुसरी देऊ नये, असा नियमही आहे. तो आमच्या व्यवसायात किती पाळला जातो, हे आम्ही आपापसांत जाणतो.

फेनिटॉइनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खेड्यापाड्यात अजून तेच खूप चालतं. १९३८ पासून वापरात असलेलं हे औषध स्वस्त आहे, चांगलं आहे, पण त्याचा हिशेब सरळ नाही. शरीराची ते पचवण्याची एक मर्यादा असते. त्या मर्यादेजवळ पोचलेल्या माणसाने "परवा फिट आली होती ना" म्हणून रात्रीच्या तीन गोळ्यांच्या चार केल्या, तर रक्तातलं प्रमाण थोडं वाढण्याऐवजी एकदम उसळतं. मग माणूस झोकांड्या खातो, बोलणं जड होतं, एकाचे दोन दिसतात. घरचे म्हणतात, प्यायला लागला. पुष्कळ वर्षं घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजून वाढतात, तेही याच औषधाने. लहान मुलांसाठी याचं पातळ औषध येतं ते तळाला बसतं. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीला मुलाला पाणचट औषध मिळतं आणि बाटली संपत आली की घट्ट. मोजायला घरातला चमचा नको, बाटलीबरोबर येणारं मापच घ्या.

दमट हवेचंही लक्षात ठेवा. कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओल धरल्या तर त्यांचा गुण बराच कमी होतो. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्याही ओलावा ओढून घेतात. म्हणून कोकणातल्या पावसात गोळ्या पट्टीतून काढून डब्यात भरून ठेवण्याची सवय नको. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या डब्या हल्ली मुलं आईवडिलांना कौतुकाने आणून देतात. त्यात पट्टीचा तुकडा कापून ठेवला तरी चालतो. नावापुढे सीआर असलेली गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये. ती पोटात हळूहळू सुटावी म्हणूनच तशी बनवलेली असते.

कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी फिटची गोळी चालू आहे हे आधी सांगा. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं तर कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण चढतं आणि पेशंट गरगरतो. अंगदुखीवरची ट्रॅमाडॉल तर स्वतःच फिट आणू शकते. टीबीची औषधं सुरू झाली की फेनिटॉइनचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आणि नवीन गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर खाजेचं मलम मागायला आमच्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन यांच्याबाबतीत ते पुरळ जिवावर बेतू शकतं.

सगळ्यांत अवघड गोष्ट लग्नाळू मुलींची. सासरी कळू नये म्हणून लग्नानंतर गोळ्या माहेरच्या कपाटात राहतात आणि नव्या घरात, जागरणाच्या दिवसांत पहिली फिट येते. अपस्मार हे घटस्फोटाचं किंवा विवाह रद्द ठरवण्याचं कारण नाही. हिंदू विवाह कायद्यातला तो उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला गेला. तरीही लपवालपवी संपलेली नाही, कारण कायदा बदलला म्हणून सासूबाई बदलत नाहीत. दुसरी बाब औषधाची. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असू शकतं, आणि मुलांची बौद्धिक वाढ मागे पडण्याचा धोका त्याहूनही जास्त असतो. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटून औषध बदलता येतं का ते पाहावं, फॉलिक ॲसिड सुरू करावं. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी स्वतःच बंद करणं मात्र आई आणि बाळ दोघांनाही घातक. काही फिटच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलं नसतं.

फिट आलीच तर काय करावं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असायला हवं होतं. तरी कांदा आणि चप्पल घेऊन धावणारे अजून आहेत, दातांत चमचा घालणारेही आहेत. त्याऐवजी माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात पाणीसुद्धा घालू नका आणि घड्याळाकडे बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. ज्यांना लांब चालणाऱ्या फिट येतात त्यांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. आडगावात गाडी पोचायला वेळ लागतो.

आणि शेवटी, संपादक महोदय, थोडं तुमच्या व्यवसायाबद्दल. 'मिरगीवर खात्रीशीर उपाय, गोळ्या कायमच्या बंद' अशा छोट्या जाहिराती अजूनही काही वृत्तपत्रांत येतात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अपस्मार बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ती छापणाराही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोनसारखी ॲलोपथीचीच फिटची औषधं मिसळलेली सापडली आहेत. म्हणजे पेशंट एका गोळीऐवजी दुसरी गोळी घेत असतो, फक्त किती घेतोय ते त्याला ठाऊक नसतं. पुडी संपली, पोस्टाने यायला उशीर झाला की फिटांची रांग लागते आणि मग मंडळी दवाखान्यात धावतात. औषध किती दिवस घ्यायचं, कधी कमी करायचं हे फिट थांबून दोनेक वर्षं गेल्यावर डॉक्टर ठरवतात, आणि तेव्हाही ते काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर अशी जाहिरात आली तर ती नाकारावी आणि ज्याने पाठवली त्याचा पत्ता अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवावा, एवढी विनंती.

आपला,
एक औषध विक्रेता, चिपळूण
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)