हेक्टरची ढाल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलीच्या पुस्तकातले ग्रीसवरचे पान तू पाठवलेस, ते मी दोनदा वाचले. लोकशाहीची जननी अथेन्स, पेरिक्लिसचे सुवर्णयुग, विषाचा प्याला घेतलेला सॉक्रेटिस आणि पार्थेनॉनचा शुभ्र संगमरवर, हे सारे आपणही असेच पाठ केले होते. (त्या मंदिराची शिल्पे मुळात रंगवलेली होती, हे मला किती उशिरा कळले!) त्या पानावरचे काही खोटे नाही, पण सॅलॅमिसच्या सागरी लढाईतला इराण्यांवरचा विजय लिहिताना ज्या आरमाराने तो मिळवला त्याचा पैसा लॉरियनच्या खाणींतून आला, आणि तिथली चांदी गुलाम खणत होते, हे गाळले की उरलेले खरेही दिशाभूल करते.

मला सर्वांत जास्त खुपतो तो मेलॉसचा अनुल्लेख. इ.स.पू. ४१६मध्ये अथेन्सने या लहानशा बेटाला वेढा घातला आणि ते शरण आल्यावर हाती लागलेले प्रौढ पुरुष ठार मारून बायकामुलांना गुलाम केले. हे कुणा जुलमी राजाने नव्हे, त्याच लोकशाहीने केले. अथेन्सचाच इतिहासकार थ्युसिडिडीझ याने ते अगदी मोजक्या शब्दांत नोंदवले आहे.

त्यानंतरच्या वसंतात, ४१५मध्ये, त्याच शहरात युरिपिडीझचे 'ट्रोजन विमेन' हे नाटक रंगमंचावर आले. कथा ट्रॉयची आहे, पण मेलॉसहून परतलेले लोकही प्रेक्षकांत बसले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हेक्युबा ही ट्रॉयची राणी, आणि युद्धात पडलेला हेक्टर तिचा मुलगा. तटावरून फेकून मारलेल्या तिच्या नातवाचे, म्हणजे हेक्टरच्या मुलाचे, प्रेत हेक्टरच्याच ढालीवर ठेवून तिच्यापुढे आणतात. ती नातवाचे हात पाहते, ते अगदी बापासारखे आहेत. मग ढालीच्या मुठीवर हेक्टरच्या दंडाचा उमटलेला ठसा आणि कडेवरचा त्याच्या घामाचा डाग तिला दिसतो. 'बायकामुलांना गुलाम केले' या वाक्याचा अर्थ मला त्या डागापाशी कळला.

मेरी रेनॉल्टच्या 'द लास्ट ऑफ द वाइन' (१९५६) या प्राचीन अथेन्सवरच्या कादंबरीतही असेच होते. तिचा नायक अलेक्सियास आरंभीच सांगतो की, तो जन्मला त्या दिवशी बापाला त्याला मारून टाकायचे होते. लिसिस या तरुणावरचे त्याचे प्रेमही लेखिका लपवत नाही आणि त्याचा गवगवाही करत नाही. त्या समाजात ते जसे उघड होते तसेच कथेत येते. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, हे मी मान्य करतो, पण शाळेने सोज्वळपणासाठी पुसलेली माणसे मला तिथेच भेटली.

मुलीला निदान तो ढालीचा प्रवेश वाचून दाखव. ती लहान आहे म्हणून टाळू नकोस, कारण तटावरून फेकलेला मुलगा तिच्याहून लहान होता. ऐकल्यावर ती काय विचारते, ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
जुना बाकसोबती