प्रात्यक्षिक कार्यशाळेत आमच्या हाताला काम मिळाले नाही

प्रति,
व्यवस्थापक,
प्रशिक्षण विभाग

विषय: दोन दिवसांच्या ‘प्रात्यक्षिक छायाचित्रण कार्यशाळे’त जाहीर केल्याप्रमाणे प्रात्यक्षिक न दिल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आपल्या कंपनीने नवशिक्यांसाठी घेतलेल्या कार्यशाळेला मी पूर्ण शुल्क भरून आले होते. दोन्ही दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होते. नंतर आठवड्याभराने फोन करून मी माझे म्हणणे सांगितले. त्यावर ‘बाकीचे सगळे खूश आहेत, तुम्ही आता पुढची लेव्हल करा’ असे उत्तर मिळाले. म्हणून हे लेखी देत आहे.

माझी तक्रार ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाबद्दल आहे. आपल्या जाहिरातीत तो चार वेळा आला आहे आणि त्याच्याच भरवशावर मी नाव नोंदवले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग दरवर्षी घेते. मूल भिंग हातात धरते, मागचा कागद पुढे-मागे सरकवते. खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा आधी धूसर असते आणि मग एका जागी अचानक पाने सुटी दिसू लागतात. तो कागद मी स्वतः सरकवून दिला तर दोन मिनिटे वाचतात, पण मग तो प्रयोग माझा होतो, मुलाच्या पदरात काही पडत नाही. प्रात्यक्षिक म्हणजे मला एवढेच ठाऊक आहे आणि तेवढीच अपेक्षा घेऊन मी आले होते.

जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते की दर १० प्रशिक्षणार्थींमागे १ मार्गदर्शक असेल, प्रत्येकाला स्टुडिओतले लाइट स्वतः लावून बघता येतील आणि प्रत्येकाच्या छायाचित्रांची वैयक्तिक समीक्षा होईल. प्रत्यक्षात आम्ही २८ जण होतो. मार्गदर्शक दोन, त्यातले एक शनिवारी दुपारीच दुसऱ्या कामासाठी निघून गेले ते परत आले नाहीत. उरले मुख्य मार्गदर्शक आणि सामान मांडायला ठेवलेला एक तरुण सहायक. त्या मुलाविषयी पुढे लिहिते, कारण या दोन दिवसांत मी जे काही शिकले ते त्याच्याकडून.

शनिवारची सकाळ स्लाइड बघण्यात गेली. वेळापत्रकात एक तास होता, लागले साडेतीन. १८३९ मध्ये दागेर यांची छायाचित्रणाची सुरुवातीची पद्धत जाहीर झाली तिथपासून मार्गदर्शकांना मिळालेल्या पारितोषिकांपर्यंत सगळे झाले. हे घरी बसून वाचता आले असते. त्यामुळे बाहेरच्या सत्राला आम्ही सकाळच्या तिरप्या, मऊ उन्हाऐवजी भर बाराला उतरलो. ऊन डोक्यावर, माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या. अशा उन्हात काय करावे, सावलीच्या कडेला कसे उभे करावे, रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवणारा पडदा) कुठून धरावा, हेही शिकवण्यासारखेच होते. पण ‘थोडे फोटो काढून घ्या, जेवायला वेळ होतोय’ असे म्हणून सत्र अर्ध्या तासात गुंडाळले.

दुपारी खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट काढायचे होते. मॉडेलला मार्गदर्शकांनी बसवले, कॅमेरे कुठे धरायचे ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून दिले आणि मोठ्याने सांगितले, ‘मॅन्युअल मोड, एफ २.८, शटर १/२००, आयएसओ ४००, क्लिक करा आणि पुढच्याला जागा द्या.’ मॅन्युअल मोड म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायचे. एफचा आकडा म्हणजे लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) किती उघडे, आकडा लहान तितके छिद्र मोठे. शटर म्हणजे सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, उजेड किती सेकंद पडतो. आयएसओ म्हणजे सेन्सर त्या उजेडाला किती प्रतिसाद देतो. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स आहे. नवशिक्यांच्या कार्यशाळेत ती निम्म्याहून अधिक जणांकडे असणार, आणि होतीच. ही लेन्स ५५ मिमी.वर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. मी डायल फिरवत राहिले, आकडा ५.६ वर अडून बसला. तशीच क्लिक केली तर फोटो काळाकुट्ट. विचारले तेव्हा उत्तर आले, ‘तुमची लेन्स स्लो आहे (म्हणजे कमी उजेड आत घेते), चांगली लेन्स घ्या, मग जमेल.’

हे उत्तर चूक आहे. घरी येऊन मी आकडे मांडले. २.८ वरून ४ आणि ४ वरून ५.६ असे दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे उजेड एक चतुर्थांश. ती भरपाई करायला आयएसओ ४०० वरून १६०० करता आला असता. नाहीतर शटर १/२०० वरून १/५० पर्यंत खाली आणता आले असते. तेवढ्या शटरला हात हलण्याची भीती आहे हे खरे, कारण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे आणि ५५ मिमी.ला हातात धरून साधारण १/८० च्या खाली जाऊ नये असे म्हणतात. मग थोडे शटर, थोडा आयएसओ अशी वाटणी करता आली असती. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचे नाते ज्याला म्हणतात ते हेच. सकाळच्या स्लाइडमध्ये त्याचा त्रिकोण रंगीत काढून दाखवला होता. तो त्रिकोण माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर उभा करून दाखवण्याची वेळ आली, नेमकी तेव्हाच मला दुकानाची वाट दाखवली गेली. माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी तर ‘आपल्या कॅमेऱ्यात काही अर्थ नाही’ असे म्हणत कॅमेरा पिशवीत ठेवून बसली. ती रविवारी आली नाही. मला या पत्रात सगळ्यात जास्त वाईट कशाचे वाटत असेल तर त्या मुलीचे.

माझा फोटो पुन्हा काळा आला तेव्हा मार्गदर्शकांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला, चार-पाच बटणे दाबली, स्वतः क्लिक केले आणि परत दिला. ‘बघा, आला की नाही!’ आला होता. पण काय बदलले ते मला दिसले नाही आणि सांगितलेही गेले नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी किमान आठ-दहा जणांचे कॅमेरे असेच घेतलेले मी पाहिले.

रविवारी स्टुडिओ. दारातच सूचना मिळाली की लाइटला कोणी हात लावायचा नाही, महाग आहेत. सामानाची काळजी मी समजू शकते, आमच्या प्रयोगशाळेतही काच फुटते. पण मग ‘स्वतः लाइट लावून बघा’ असे जाहिरातीत लिहू नये. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणाऱ्या पेटीतला लाइट) दुप्पट अंतरावर नेला की उजेड सुमारे चौपटीने कमी होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आले आहे. तो चेहऱ्यावर कसा दिसतो, मागची भिंत आणि चेहरा यांच्यातला फरक कसा घटतो, हे एकदा आपल्या हाताने स्टँड सरकवून बघायचे होते. ते राहून गेले.

फ्लॅशचा ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्याचे बटण दाबताच स्टुडिओतला फ्लॅश पेटवणारे उपकरण, एकच होता. २८ जणांत तो फिरवला, प्रत्येकाच्या वाट्याला तीन क्लिक आल्या. दोघांच्या कॅमेऱ्यावर तो चाललाच नाही. काही प्राथमिक मॉडेलच्या हॉट-शूला (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नसते, त्यामुळे साधा ट्रिगर तिथे गप्प राहतो. नोंदणीच्या अर्जात आपण कॅमेऱ्याचे मॉडेल विचारून घेतले होते. ते कोणी वाचले असते तर या दोघांची सोय आधीच झाली असती. ते दोघे दोन तास भिंतीला टेकून उभे होते.

एका गृहस्थांच्या फोटोत अर्ध्या चौकटीवर काळा पट्टा आला. त्यांचे शटर १/५०० वर होते. मार्गदर्शक म्हणाले, ‘दोनशेच्या वर जायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा’ आणि पुढे गेले. इतकी सुंदर चूक वर्गात आपोआप घडते तेव्हा शिक्षकाने थांबायला हवे. शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. शटर फार वेगाचे ठेवले की पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो, सेन्सर कोणत्याच क्षणी संपूर्ण उघडा नसतो, आणि फ्लॅशची लखलख तर निमिषभराची. ज्या भागावर पडदा आला तिथे काळा पट्टा. सगळ्यांना मुद्दाम १/१००, १/२५०, १/५०० अशा तीन क्लिक करायला लावल्या असत्या तर तो पट्टा प्रत्येकाने आपल्या स्क्रीनवर वाढताना पाहिला असता आणि आयुष्यात विसरला नसता. आमच्या वाट्याला क्लिक तरी तीनच आल्या होत्या!

आता त्या सहायकाबद्दल. रविवारी जेवणानंतर मी एकटी बसलेली पाहून तो आला आणि म्हणाला, ‘ताई, ती पांढरी भिंत पूर्ण चौकटीत घ्या, पी मोडवर, म्हणजे ॲपर्चर आणि शटर कॅमेऱ्यालाच ठरवू देऊन काढा.’ मी काढली. भिंत करडी आली. मग म्हणाला, ‘आता तुमची काळी पिशवी.’ तीही करडीच आली. ‘असं का झालं असेल?’ मी विचार करत राहिले, तो थांबला. मग त्याने सांगितले की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही, जे दिसेल ते मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. भिंतीसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) अधिक बाजूला न्यायला सांगितले, पिशवीसाठी उणे बाजूला, आणि दर क्लिकनंतर हिस्टोग्रामचा (फोटोतल्या काळ्या ते पांढऱ्या छटांच्या आलेखाचा) डोंगर कुठे सरकला ते मलाच सांगायला लावले. ही सगळी दहा मिनिटे त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. मला बटण सापडेना तेव्हाही त्याने ‘वरच्या बाजूला, शटरच्या मागे’ एवढेच सांगितले, कॅमेऱ्याला बोट लावले नाही. कोणीतरी त्याला सामान हलवायला हाक मारली आणि माझे प्रात्यक्षिक संपले. या पत्रामुळे त्याला कोणी बोलू नये, उलट त्याला शिकवायला उभे करावे, ही माझी मनापासून विनंती आहे.

समीक्षेसाठी शेवटची ४० मिनिटे ठेवली होती. २८ जणांत वाटली तर प्रत्येकी दीड मिनिटसुद्धा येत नाही. प्रत्यक्षात सहा जणांचे फोटो पडद्यावर आले आणि वेळ संपला. माझा एकही फोटो कोणी पाहिला नाही. शिवाय समीक्षा करायची तरी कशाची? मॉडेल त्यांनी बसवलेले, उजेड त्यांनी लावलेला, उभे राहण्याची जागा त्यांनी आखलेली, आकडे त्यांनी सांगितलेले. सहाच्या सहा फोटोंत एकच फोटो होता. कुठे उभे राहायचे, काय चौकटीबाहेर ठेवायचे, कधी बटण दाबायचे, हे ठरवण्याची पाळी आमच्यावर आलीच नाही. माझ्या कार्डात त्या मॉडेलचे तीन सुरेख फोटो आहेत, पण ते मी काढले असे मला कोणाला सांगवत नाही.

अभिप्रायाचा अर्ज रविवारी सकाळी, स्टुडिओच्या आधीच भरून घेतला आणि तो दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही असे सांगितले. ‘बाकीचे सगळे खूश’ हे आपण त्या अर्जांवरून म्हणत असाल तर त्यात स्टुडिओ आणि समीक्षा यांचा अनुभव येणे शक्यच नव्हते. तसेच आम्हा प्रशिक्षणार्थींचे काही फोटो ‘आमच्या विद्यार्थ्यांची कामगिरी’ म्हणून आपण जाहिरातीत टाकले आहेत. त्यात एक माझा आहे. मला विचारले नव्हते, नावही नाही. तो काढून टाकावा.

माझी मागणी अशी. मला पैसे परत घेऊन मोकळे व्हायचे नाही, शिकायचे आहे. म्हणून पहिला पर्याय हा की आमच्या तुकडीसाठी, जे येतील त्यांच्यासाठी, एक पूर्ण दिवस विनाशुल्क पुन्हा घ्यावा. एका मार्गदर्शकामागे दहापेक्षा जास्त जण नसावेत, किमान तीन ट्रिगर असावेत, आणि अर्धा दिवस फक्त आमचे फोटो बघण्यासाठी राखून ठेवावा. प्रशिक्षणार्थींचा कॅमेरा मार्गदर्शकांनी हातात घेऊ नये. जी मुलगी रविवारी आली नाही, तिला आपण स्वतःहून फोन करून बोलवावे. हे जमत नसेल तर शुल्कातली निम्मी रक्कम परत करावी. आणि काहीही झाले तरी पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू होण्याआधी जाहिरातीतला ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द आणि १० जणांमागे १ मार्गदर्शक हे वाक्य, यांतले जे पाळता येणार नसेल ते काढावे.

जाहिरातीची प्रत, वेळापत्रक आणि शुल्काची पावती सोबत जोडली आहे. खिडकीपाशी काढलेला तो काळा फोटोही जोडला आहे. त्याखाली एफ ५.६, १/८०, आयएसओ १००० या आकड्यांवर माझ्या घरच्या खिडकीत मी काढलेला फोटो आहे. दोन्ही एकाच लेन्सचे आहेत. मार्गदर्शकांना ते जरूर दाखवावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपली,
(सही)
दुसऱ्या तुकडीतील एक प्रशिक्षणार्थी