तपासणीने मला काय दिले

चि. मैत्रेयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

"पार्किन्सनच्या गोळ्या बदलल्या नाहीत, मग जनुकीय तपासणी करून तुम्हाला मिळाले तरी काय?" हा तुझा प्रश्न रास्त होता, आणि मी फोनवर विषय टाळला. सकाळची गोळी लागू पडली की दोन तास अक्षर जरा मोठे येते, तेवढ्यात लिहितो.

मी बत्तीस वर्षांचा असताना माझ्या उजव्या पायाचा अंगठा सकाळी आपोआप आत वळू लागला. तो चपलेत जायचा नाही आणि तू पायाशी बसून दोन्ही हातांनी सरकवून द्यायचीस. दोन वर्षे तो पाय मुरगळलेला समजून शेकला, बांधला. पुढे पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले, तेव्हा एवढ्या लहान वयात हा आजार कसा, याची कारणे जो तो सांगू लागला: कोणी साडेसाती, कोणी शेतातली फवारणी, कोणी माझा तापट स्वभाव. यातले शेवटचे मी खरे मानले आणि पंचवीस वर्षे स्वतःला दोष देत राहिलो.

पहिल्या जनुकीय अहवालात काहीच निघाले नव्हते. समुपदेशक बाईंनी समजावले की, जनुकाच्या मजकुरातली एखाद्या अक्षराची चूक शोधणाऱ्या तपासणीला कधी कधी अख्खी ओळ गळालेली दिसत नाही, म्हणून दुसरी वेगळी तपासणी करावी लागते. तिच्यात सापडले. पार्किन नावाच्या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रतींतून तोच एक तुकडा गळालेला आहे. हे जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधले, म्हणजे माझा अंगठा वळू लागला त्याच सुमारास. पेशीतील निकामी ऊर्जाकेंद्रे काढून टाकण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. माझ्या रागाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे कागदावर वाचताना मला रडू आले.

दुसरे असे की, या प्रकारात आजार बहुधा सावकाश वाढतो, लेव्होडोपा ही माझी गोळी दीर्घकाळ उपयोगी पडते (अंगाचे नको ते हेलकावे मात्र लवकर सुरू होतात, ते तू पाहतेसच) आणि स्मरणशक्ती सहसा शाबूत राहते. विस्मरणाच्या भीतीने मी घराचे सगळे कागद तुझ्या आईच्या हवाली केले होते. ते आता परत मागून घेतले आहेत.

आजीला सांगणे मात्र फार अवघड गेले. तुझ्या आजोबांनी मामाची मुलगी केली होती, आणि एका घराण्यातली तीच त्रुटी दोघांकडून माझ्याकडे आली, असे दिसते. माझ्यावरचा दोष उतरला तो म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर ठेवायचा का, या विचारात मी चार महिने गप्प राहिलो. अखेर सांगितले. ती बराच वेळ माझा हात चोळत बसली, मग म्हणाली, "म्हणजे आम्ही दोघेही धडधाकट असून हे झाले?" होय, एकच प्रत सदोष असली तर माणूस सहसा धडधाकटच राहतो.

तुझेही तसेच आहे. माझ्याकडून एक सदोष प्रत तुला आलीच आहे. त्यासाठी वेगळी तपासणी नको. एवढ्याने तुला आजार होईल असे समजू नकोस. तुझ्या जोडीदाराकडेही याच जनुकाची सदोष प्रत निघाली, तरच प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता राहते, म्हणून नात्यातले स्थळ आले तर हे आधी बोलावे लागेल.

सर्वांनीच ही तपासणी करावी, असे मी म्हणणार नाही. बहुतेक रुग्णांत असे एकच कारण सापडत नाही, आणि काही जनुकांतले दोष असूनही अनेकांना आजार कधी होत नाही. त्यांना अहवालातून नुसती काळजीच मिळायची.

अहवालाची प्रत कपाटातल्या निळ्या फायलीत आहे. समुपदेशक बाई तुझ्याशीही बोलायला तयार आहेत. तुझ्या काकालाही जन्मतः चारात एक एवढीच शक्यता होती. तो आज ठणठणीत आहे आणि तपासणी नको म्हणाला आहे. त्याच्याजवळ हा विषय आपण होऊन काढू नकोस.

तुझे
बाबा