तिकीट आधी, सिनेमा नंतर

प्रिय बाळ्या,

परवा आपलं बोलणं अर्ध्यातच राहिलं. तुझी गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली आणि फोन तुटला. पण डिस्नीच्या 'स्टार वॉर्स' सिनेमांबद्दलचं तुझं शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना: "अरे, गल्ला भरला ना? मग कारभार चांगलाच असणार." मला ते पटत नाही आणि फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझे आकडे खरेच आहेत. डिस्नीनं २०१२ मध्ये सुमारे ४०५ कोटी डॉलर मोजून 'स्टार वॉर्स' बनवणारी लुकासफिल्म घेतली. २०१५ च्या डिसेंबरात नव्या तीन सिनेमांतला पहिला, 'द फोर्स अवेकन्स', आला. आपण नाताळच्या दिवशी पहिल्या खेळाला गेलो होतो, आठवतं? आदल्या शुक्रवारी आलेल्या 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले'ची गर्दी अजून ओसरली नव्हती. 'फोर्स अवेकन्स'नं जगभरात २०० कोटी डॉलरच्या वर मिळवले. नंतरच्या 'द लास्ट जेडाय'नं १३३ कोटींच्या आसपास, 'द राइज ऑफ स्कायवॉकर'नं १०० कोटींच्या वर. तिन्ही पास.

पण माणूस तिकीट आधी काढतो आणि सिनेमा नंतर बघतो. तू आणि मी त्या दिवशी पैसे दिले ते कशाच्या जोरावर? लहानपणी बघितलेल्या जुन्या तीन सिनेमांच्या. म्हणजे तो गल्ला त्या जुन्या सिनेमांचा कर्ता जॉर्ज लुकास याच्या पुण्याईचा होता.

आमच्या बागेचं तुला माहीत आहे. आजोबा गेले त्या वर्षी काकांनी बाहेरून आंबा उचलून आमच्या पेट्यांत भरला. गिऱ्हाइकांनी मार्चमध्येच नावावर पैसे पाठवले होते. इतक्या पेट्या आजोबांच्या हयातीत कधी गेल्या नव्हत्या. मे महिन्यात लोकांनी आंबा कापला तर आत साका. पुढच्या वर्षी आजी फोनपाशी बसून असायची आणि फोन वाजायचा नाही. वहीत बघशील तर सगळ्यात चांगलं वर्ष तेच दिसेल, ज्या वर्षी आम्ही नाव घालवलं.

आता ती तलवार बघ. नव्यांतल्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी नवी नायिका रे बेटावरचे दगडी जिने चढून जाते आणि जुन्या सिनेमांचा नायक ल्यूक याच्या बापाची तलवार त्याच्यापुढे धरते. काही न बोलता हात पुढे करून उभी राहते. तिथेच सिनेमा संपतो. दोन वर्षं आपण त्या पुढे केलेल्या हाताचा विचार करत राहिलो. दुसरा सिनेमा आला, दिग्दर्शक वेगळा. ल्यूकनं तलवार घेतली, बघितली आणि खांद्यावरून मागे भिरकावून दिली. मला तो प्रसंग आवडला होता, तुला नव्हता, ते भांडण असू दे. त्याच सिनेमात पुढे तिचे दोन तुकडे झाले. तिसऱ्यात ती सांधलेलीच दिसते. कुणी, कधी सांधली, एक शब्द नाही. आणि रे ती आगीत फेकते तेव्हा ल्यूकचंच भूत ती झेलतं आणि वर म्हणतं, जेडायच्या, म्हणजे त्यांच्या पंथातल्या योद्ध्याच्या, शस्त्राचा मान राखायला हवा. एकच तलवार, तीन सिनेमे, आणि प्रत्येक जण आधीच्याचं पुसतोय. रेच्या आईबापांचंही तेच: दुसऱ्यात ते कुणीच नव्हते, तिसऱ्यात ती जुन्या खलनायकाची, पॅल्पटीनची नात निघाली.

तू म्हणशील, लुकासनं तरी कुठं सगळं आधी ठरवलं होतं? खरंय. ल्यूक आणि जुन्या सिनेमांची नायिका लेया बहीणभाऊ हे आधी ठरलेलं असतं तर जुन्यांतल्या दुसऱ्या सिनेमात तिनं त्याचं तसं चुंबन घेतलं नसतं. त्या तिघांचेही दिग्दर्शक वेगवेगळेच होते. पण शेवटचा शब्द एकाचा होता आणि त्याला गोष्टीची काळजी होती. इथे तसा माणूसच दिसत नाही. तिसऱ्या सिनेमाचा ठरलेला दिग्दर्शक २०१७ च्या सप्टेंबरात गेला आणि पहिल्यालाच परत बोलावलं. त्याआधी लेयाचं काम करणारी कॅरी फिशर वारली होती, ते दुःख कुणाच्या हातातलं नव्हतं. पण प्रदर्शनाची घाई तर हातातली होती.

'स्टार वॉर्स'चाच 'सोलो' हा सिनेमा बघ. दोन दिग्दर्शकांना शूटिंग चालू असताना काढलं, तिसऱ्यानं सिनेमा नव्यानं उभा केला. मे २०१८ मध्ये, 'लास्ट जेडाय'नंतर पाचच महिन्यांनी तो लावला. जगभरात ४० कोटीसुद्धा झाले नाहीत. सिनेमा काही इतका वाईट नव्हता रे. आजीचा फोन वाजत नव्हता, तसंच हे. २०१९ नंतर तर कित्येक वर्षं नवा सिनेमाच थिएटरात आला नाही. घोषणा तेवढ्या होत राहिल्या. २०२३ च्या नाताळला यायचा म्हणून जाहीर केलेला सिनेमासुद्धा यादीतून काढला.

आणि त्याच घरात 'अँडोर' ही 'स्टार वॉर्स'ची मालिका झाली, याचं मला राहून राहून नवल वाटतं. टोनी गिलरॉयनं पाच सीझनचा आराखडा दोनात बसवला, चोवीस भाग, आणि शेवटचा भाग जिथे थांबतो तिथूनच आधी आलेला 'रोग वन' हा सिनेमा सुरू होतो. तिथे तिकीटबारी नाही, पहिल्या शुक्रवारचा आकडा नाही. पण त्या नावावर माझा जो थोडाफार विश्वास परत बसला तो त्या चोवीस भागांनी. मला कारभार म्हणायचं आहे ते हेच.

तू अजून बघितलेली नाहीस. गणपतीला येशील तेव्हा मुक्कामाला ये, पहिले तीन भाग एका बैठकीत बघू. पहिला संथ वाटेल, उठू नकोस. वहिनींना नमस्कार सांग, आणि यंदा आंबा पाठवलाय तो आमच्याच झाडांचा आहे, पेटी पोचली की कळव.

तुझा,
अण्या