बंड्याला तिथून उठव

प्रिय सुध्या,

तीन महिने उत्तर दिलं नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, सर्दी होती, गेली. पण रविवारी अख्खी टोळी घेऊन फूड बँकेत दान आलेलं अन्न गरजूंसाठी खोक्यांत भरायला जातोयस आणि तपासणीच्या टेबलावर बंड्याला बसवतोयस, हे वाचून आज लिहायलाच बसलो.

त्याला उठव तिथून. खोकी भरायला सगळेच पुढे येतात, फोटोही तिथलेच निघतात. पण भरणारा चुकला तर खोकं वाकडं होतं. तपासणारा चुकला तर कुणाच्या तरी घरात माणूस आजारी पडतो. बारा जण आहात ना? चार तपासणीला लाव (विदुला हवीच), दोन माल उतरवायला, चार भरायला, एक काट्यावर, एक रिकामी खोकी मोडायला. हे शेवटचं काम कुणी मागत नाही, आणि अर्ध्या तासात पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि बारा सांगून पंधरा नेऊ नकोस, खोड माहीत आहे तुझी.

डबा हातात फिरवून बघायचा. अंगावर हलका पोचा असेल तर चालतो. पोचा वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या सांध्यावर असेल, किंवा बोटाला धार लागत असेल, तर बाद; तिथलं सील सुटलेलं असू शकतं. फुगलेला, झाकण दाबलं की टक् करून परत वर येणारा डबा न उघडता बाजूला. ‘वास घेऊन बघू की,’ असं बंड्या म्हणणारच. बोटुलिनमचं (बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूचं) विष असलेल्या अन्नाला वास येईलच असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव.

तारखांवरून सहलीत आपलं वाजलं होतं, आठवतं? तू तेव्हाही चूक होतास. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख. ती उलटली म्हणून कोरडा माल फेकायचा नसतो. कुठला किती दिवस चालवायचा, याचा तिथला नियम आधी विचारून घे. ‘यूज बाय’ सुरक्षिततेची, ती उलटली की विषय संपला. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला तर एका दिवसाचीही सवलत नाही. काचेची बरणी फुटली तर त्या क्रेटमधली उघडी भाजी-फळं सगळी गेली, हळहळायचं नाही.

थंड माल उतरला की बाकी सगळं थांबवून आधी तो आत, 5 अंशांच्या खाली. पीठ सुटं करून भरणार असाल तर काट्यावर रिकामी पिशवी ठेवून शून्य करा, आणि मूळ पोत्यावरची तारीख व अॅलर्जीची सूचना प्रत्येक पिशवीवर उतरवा. लेबल नसलेली पिशवी पुढे देता येत नाही, सगळी मेहनत पाण्यात. 400 ग्रॅमचे 24 डबे म्हणजे पत्र्यासकट अकरा किलोच्या आसपास. खोकं त्याहून जड नको. साबण वेगळ्या खोक्यात, नाहीतर पिठाला वास लागतो.

नव्या घराचं कळलं, छान. काकूंचा गुडघा कसा आहे? सविस्तर लिही, मी लिहीन न लिहीन.

बंड्याला खोकी मोडायला दे. चिडला तर माझं नाव सांग, तसाही तो माझ्यावर चिडलेलाच आहे.

तुझा,
दिल्या