झोपेच्या तपासणीला जाण्यापूर्वी

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या झोपेच्या तपासणीची तारीख शुक्रवारची ठरली आहे, आणि ‘अंगभर वायरी लावल्यावर झोप कोणाला येणार’ असे म्हणत तू ती टाळण्याच्या बेतात आहेस, हे परवा वहिनींकडून कळले. दोन वर्षांपूर्वी मीही शब्दशः हेच म्हणालो होतो, त्यामुळे तुला हसण्याचा अधिकार मला नाही. पण घोरता घोरता तू एकदम गप्प होतोस आणि मग दचकून श्वास घेतोस, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांना घोरण्यापेक्षा काळजी वाटते ती त्या मधल्या शांततेचीच. म्हणून हे सविस्तर लिहितो.

माझी फजिती झाली ती तेलाने. डोके शांत राहावे, झोप लवकर लागावी, या भाबड्या समजुतीने मी त्या दिवशी सकाळी सढळ हाताने खोबरेल चोपडले आणि रात्री तसाच जाऊन उभा राहिलो. मेंदूच्या लहरी टिपणारे, इवल्याशा वाटीच्या आकाराचे इलेक्ट्रोड त्या तेलकट टाळूवर काही केल्या टिकेनात. तंत्रज्ञ मुलाने एकेक जागा स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसली, तरी दोन निसटलेच आणि ते पुन्हा बसवण्यासाठी त्या बिचाऱ्याला मला रात्री पावणेतीनला उठवावे लागले. तेव्हा तू सकाळी शांपूने डोके धू, केस कोरडे होऊ दे, आणि तेल, क्रीम, कंडिशनर यांतले काहीही लावू नकोस. हनुवटीवरही इलेक्ट्रोड लागतात, म्हणून खुंट वाढलेले असतील तर दाढी करूनच जा.

त्या दिवशी नेहमीच्या वेळेला ऊठ, दुपारची वामकुक्षी सोड आणि जेवणानंतर चहा-कॉफी घेऊ नकोस. तुझा चारचा चहा बुडेल, त्याला इलाज नाही. झोप यावी म्हणून एखादा पेग घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळ, कारण दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि चित्रच बदलते. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. झोपेची गोळी घेत असशील, तर तिचे काय करायचे ते डॉक्टरांनाच विचार. पुढे बटणे असलेला सदरा, लेंगा आणि तुझी स्वतःची उशी बरोबर ने.

वायरींचा बाऊ करू नकोस. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, पायांवर इलेक्ट्रोड. यांतले काहीही टोचत नाही. सगळ्या वायरींची जुडी एका डबीत खोचलेली असते. लघवीला जायचे झाले की हाक मारायची. मग ती डबी सोडवून गळ्यात अडकवून देतात आणि आपण सजवलेल्या नंदीबैलासारखे चालत जातो.

झोप लागली नाही तर काय, ही भीती मलाही होती. मला वाटले होते की दोनच तास डोळा लागला असेल, अहवालात मात्र पाच तास निघाले. श्वास किमान १० सेकंद थांबला, किंवा तितका वेळ उथळ होऊन रक्तातला प्राणवायू उतरला, की त्याची एक नोंद होते. अशा नोंदी तासाला ५ ते १५ असल्या तर त्रास सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. माझा आकडा ४१ होता, म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा माझा श्वास अडत होता आणि मी सकाळी उठून ‘छान झोप झाली’ म्हणत होतो!

पूर्वरात्रीतच त्रास जास्त दिसला, तर काही ठिकाणी उत्तररात्री नाकावर मास्क लावून हवेचा किती दाब पुरतो तेही पाहतात. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला हा उपाय आजही तसाच चालतो: हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. हा मास्क झोपण्याआधी, जागेपणीच एकदा लावून पाहू दे, असे तिथल्या तंत्रज्ञाला सांग. मध्यरात्री अर्धवट झोपेत तो एकदम तोंडावर आला की जीव घाबरतो.

शनिवारी सकाळी केसांत पेस्टचे गोळे राहतील, ते गरम पाण्याने निघतात. मग लाव हवे तितके खोबरेल. अहवाल आला की आकडा कळव, आणि वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनायक