कॉइल बदलण्याआधी

प्रिय दिग्या,

तुझं पत्र वाचलं. गाडी थंड असताना मुकाट चालते, तापली की चढावर झटके देते, मिस मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल पेटतच नाही), आणि बघणाऱ्याने बॉनेट उघडता उघडताच सांगितलं, 'चारही कॉइल टाकून द्या, नव्या बसवा.' सल्ला चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. पण कॉइल गेली असेल तर ती का गेली हे त्याने पाहिलंच नाही, आणि माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. नव्या कॉइलही त्याच कारणाने मरणार असतील तर बसवून काय उपयोग?

इग्निशन कॉइलचं काम तसं साधं आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट आत जातात आणि सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपाशी हजारो व्होल्ट बाहेर पडतात. आत लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात: एकाला काहीशे फेरे, दुसऱ्याला त्याच्या शंभरेक पट. पहिल्यातून वीज सोडायची, ऐन वेळी झटकन तोडायची. ठिणगी पडते ती वीज तोडल्यावर, सोडल्यावर नव्हे. तोडताक्षणी पहिल्या वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि दुसऱ्यात त्याची शंभरपट होते. १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंगने गाड्यांत रुळवलेली ही युक्ती आजही तीच आहे. फक्त तोडायचं काम तेव्हा पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क करायचे, आता ट्रान्झिस्टर करतो.

यातली मेख अशी की कॉइल प्रत्येक वेळी पूर्ण ताकद लावत नाही. प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारेपर्यंतच व्होल्टेज चढतं. प्लग झिजले, फट रुंदावली की तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. दर ठिणगीला हा ताण बसला की तारांवरचं आवरण आतून हळूहळू खचतं. म्हणून बऱ्याचदा कॉइलचा जीव घेणारा म्हातारा प्लगच असतो. तुझे प्लग शेवटचे कधी बदलले होते? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, त्यावरूनच मला शंका आली.

'थंड असताना ठीक' यावरून संशय कॉइलवर जातो हे मात्र खरं. आवरणाला पडलेली बारीक चीर गरम झाल्यावर उघडते, थंड झाल्यावर मिटते. म्हणूनच मीटरने ओहम, म्हणजे तारेचा रोध, मोजून फारसं काही हाती लागत नाही. टेबलावर थंड पडलेली कॉइल मीटरला निरोगीच दिसते. त्यात बऱ्याच थेट प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्याचं माप नीट मिळतही नाही.

त्यापेक्षा अदलाबदल कर. आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाच. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, पी ०३०३ म्हणजे तीन नंबरचा. समज दोन नंबर निघाला, तर त्याची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लाव, कोड पुसून टाक आणि गाडी चांगली तापेपर्यंत चालव. कोड तीनवर सरकला तर चोर कॉइलच. दोनवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल कर. दोन्ही एकदम हलवू नकोस, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. प्लग बदलूनही कोड जागचा हलला नाही, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), वायरिंग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तपासायला लागेल. हे सगळं अर्थात एका प्लगला एक कॉइल असलेल्या गाडीत. तुझी गाडी त्याहून जुन्या पद्धतीची असेल आणि एक कॉइल दोन सिलिंडरांना पुरवत असेल, तर दोन्ही जोडीने मिस मारतील.

कॉइल उपसायच्या आधी इंजिन थंड होऊ दे आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. चालू इंजिनावर कॉइल ओढून बघणारे उस्ताद असतात, त्यांचं ऐकू नकोस. जुन्या गाडीत सर्वात आधी तुटतो तो कनेक्टरचा खटका, कारण उष्णतेने प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. कनेक्टर आधी किंचित आत ढकल, मग खटका दाब, मग ओढ. बोल्ट काढल्यावर कॉइल सरळ वर खेचू नकोस. डावी-उजवीकडे थोडी फिरव, म्हणजे प्लगला चिकटलेलं रबर सुटेल.

आणि मग टॉर्च घेऊन त्या भोकात बघ. सगळ्यात महत्त्वाचं हेच. तळाशी तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि ठिणगी प्लगऐवजी बाजूच्या धातूकडे पळते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर किंवा रबरात काळी बारीक रेघ दिसेल, ती तिच्याच पळण्याची वाट. तेल तसंच ठेवून नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे त्या भोकात ओतणं.

प्लग काढण्याआधी भोकात हवा मार, नाहीतर कचरा सिलिंडरात पडेल. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरव. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिरके आटे पडले की गोष्ट फार लांबते. पुढे मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरावर, घट्ट कर. कॉइलच्या रबराच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरव. कॉइलचा बोल्ट मात्र जेमतेम आवळ, तिथे जोर दाखवायचं कारण नाही.

चारही बदलायच्या का? माझं मत, प्लग चारही, कॉइल फक्त मेलेली. बाकीच्यांचं नुसतं रबर तडकलं असेल तर बऱ्याच गाड्यांना रबर वेगळं मिळतं. लवकरच दुसरी कॉइलही गेली तर उरलेल्या एकदम बदलून टाक. अपवाद एकच. व्ही-सिक्ससारख्या, दोन रांगांत सिलिंडर असलेल्या इंजिनात मागच्या रांगेपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवावा लागत असेल, तर तिथल्या सगळ्या त्याच खेपेला बदल. आणि अनोळखी स्वस्त कॉइल घेऊ नकोस, गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याचीच घे.

तोवर एक पाळ. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर हळू चालवून घरी ये. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घे आणि बंद कर. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.

कोड कोणता निघाला ते कळव. भोकात तेल सापडलं तर कव्हर एकट्याने उघडायला बसू नकोस, मी येतो. टॉर्क रेंच माझ्याकडे आहे.

तुझा,
बापू